विश्लेषण : वर्ध्याचे क्रांतिकारक मेक्सिकोत स्पॅनिशमधून शेती कशी शिकवू लागले?

इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव, मायदेशी परतण्याची वाट बंद आणि समोर अनोळखी देश, अनोळखी भाषा. अशा स्थितीत डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. तिथेच ते प्राध्यापक झाले, तिथेच त्यांचा संसार उभा राहिला. शेतीचे ज्ञान शेतकऱ्याच्या भाषेत नेणे म्हणजे काय, हे त्यांच्या आयुष्यातून समजते. त्यासाठी मोजावी लागलेली किंमतही समजते.

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा काय भाव निघाला, यावर आज कितीतरी घरांची दिवाळी ठरते. पण सोयाबीन मूळचे आपल्याकडचे नाही, ते चीनकडचे. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. मका मेक्सिकोचा. आपल्या ठेच्यातली मिरचीसुद्धा त्याच बाजूची. पीक एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाते तेव्हा बियाणे पिशवीतून जाते. ते कधी पेरायचे, किती अंतरावर टोकायचे, कोणता रोग पडतो, ही माहिती मात्र भाषेतून जाते. भाषा शेतकऱ्याची नसेल तर पिशवी पोहोचते आणि माहिती वाटेतच राहते.

मराठवाड्याला हे समजावून सांगावे लागत नाही. निजामाच्या राजवटीत सरकारी कारभार उर्दूत चालत असे. नांदेड-लातूरकडच्या अनेक घरांतील आजोबा-पणजोबांनी शाळेत उर्दूतून धडे गिरवले. घरात मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीचा कागद वाचून घ्यायला दुसऱ्याकडे जावे लागे. खानखोजे यांच्या गोष्टीत हेच चित्र उलट्या बाजूने दिसते. तिथे शेतकऱ्याने मास्तरांची भाषा शिकली नाही, मास्तरांनी शेतकऱ्याची शिकली.

खानखोजे कोण होते?

पांडुरंग खानखोजे यांचा जन्म १८८०च्या दशकात वर्ध्यातला. शिक्षण वर्धा आणि नागपुरात. तरुणपणी त्यांच्यावर लोकमान्य टिळकांच्या विचारांचा प्रभाव पडला. देश स्वतंत्र करायचा तर लष्करी शिक्षण हवे आणि ते इंग्रजांच्या राज्यात मिळणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. १९०६च्या सुमारास त्यांनी देश सोडला. आधी जपान, मग अमेरिका असा त्यांचा प्रवास झाला.

अमेरिकेत त्यांनी दोन गोष्टी एकाच वेळी शिकल्या. कॅलिफोर्नियातील माउंट तमालपैस लष्करी अकादमीत त्यांनी लष्करी शिक्षण घेतले. पुढे ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील कृषी महाविद्यालयांत ते शेतीशास्त्र शिकले. खर्च भागवण्यासाठी पडेल ते मजुरीचे काम केले. त्या किनाऱ्यावर तेव्हा पंजाबातून गेलेले हजारो शेतकरी लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर आणि शेतांत राबत होते. त्यांच्या वस्त्यांत खानखोजे यांची ऊठबस सुरू झाली. पंडित काशीराम यांच्यासोबत त्यांनी तिथल्या भारतीयांची संघटना बांधली.

१९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला. सोहनसिंग भकना त्याचे अध्यक्ष होते, तर लाला हरदयाळ प्रमुख सूत्रधार. खानखोजे यांच्याकडे लढाईच्या तयारीची बाजू होती. म्हणजे एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात कणीस, अशीच त्यांची सुरुवात होती. ती बंदूक कुठे सुटली आणि कणीस हातात का राहिले, हा पुढचा भाग.

शेतीशास्त्रज्ञ होण्याआधी काय घडले?

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. इंग्रज युरोपात गुंतले असताना पश्चिमेकडून, इराणच्या वाटेने, भारताच्या सीमेपर्यंत धडक मारायची, असा क्रांतिकारकांचा बेत होता. खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणमध्ये उतरले. तिथल्या टोळ्यांमध्ये राहून ते इंग्रजी फौजांशी लढले. जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेही. मोहीम फसली.

युद्धानंतर ते बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांच्या गटात होते. १९२१ मध्ये या गटाचे शिष्टमंडळ मॉस्कोला गेले. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासोबत त्यात खानखोजेही होते. रशियाकडून हवी तशी मदत हाती लागली नाही. एकीकडे भारतात परतावे तर अटक ठरलेली, दुसरीकडे युरोपात राहावे तर उपजीविकेचा पत्ता नाही. वय चाळिशीकडे झुकलेले. गाठीला होते ते फक्त शेतीशास्त्राचे शिक्षण.

मेक्सिकोच का?

याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण ओळखीचे. कॅलिफोर्नियात असताना खानखोजे यांचा मेक्सिकन क्रांतिकारकांशी परिचय झाला होता. त्यांपैकी रामोन दे नेग्री पुढे मेक्सिकोचे कृषिमंत्री झाले. परक्या मुलखात एक ओळखीचा माणूस असणे किती मोलाचे, हे पुण्या-मुंबईत पहिल्यांदा नोकरी शोधायला गेलेल्या कुठल्याही पोराला विचारावे.

दुसरे कारण राजकीय. मेक्सिकोत भारतीय क्रांतिकारक आधीही येऊन गेले होते. मानवेंद्रनाथ रॉय १९१७ मध्ये तिथे पोहोचले, स्पॅनिश शिकले आणि १९१९ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. हेरंबलाल गुप्ता हेही तिथे होते. इंग्रजांच्या साम्राज्याबाहेरचा हा देश अशा लोकांना थारा देत होता.

तिसरे कारण शेतीचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. १९१० मध्ये मेक्सिकोत क्रांती सुरू झाली, तिच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. हजारो एकरांच्या जमीनदाऱ्या मोजक्या घराण्यांच्या हातात आणि कसणारा कर्जात बुडालेला, अशी स्थिती होती. एमिलियानो सापाता यांनी जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून शेतकऱ्यांची फौज उभी केली. १९१९ मध्ये दगा करून त्यांना मारण्यात आले. तरी १९१७च्या राज्यघटनेत जमीन वाटपाचे तत्त्व आले होते. जमीनदाऱ्या मोडून गावांच्या नावे जमीन देण्याचे काम सुरू झाले. हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या, तेव्हा मराठवाड्यातही असाच प्रश्न समोर होता. जमीन मिळाली, आता पिकवायचे कसे?

चापिंगो म्हणजे काय?

मेक्सिको शहराच्या पूर्वेला, तेस्कोको गावाजवळ चापिंगो आहे. मुळात ही एक मोठी जमीनदारी होती. क्रांतीनंतर ती सरकारने घेतली आणि राष्ट्रीय कृषी विद्यालय तिथे हलवण्यात आले. जिथे जमीनदाराचा वाडा होता तिथे शेतकऱ्यांची मुले शिकू लागली. वाड्यातील प्रार्थनागृहाच्या भिंती दिएगो रिवेरा या विख्यात चित्रकाराने १९२४ ते १९२७ या काळात रंगवल्या. जमीन, बी, श्रम आणि क्रांती हाच त्या चित्रांचा विषय.

याच विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले. वनस्पतिशास्त्र आणि पीकसुधारणा हा त्यांचा प्रांत. आज त्याच संस्थेचे चापिंगो स्वायत्त विद्यापीठ झाले आहे. आपल्याकडे परभणीच्या कृषी विद्यापीठाला जे स्थान आहे, तसेच तिकडे चापिंगोला.

मराठी माणसाला स्पॅनिश किती परकी?

वाटते तितकी नाही. याची काही कारणे भाषेतच आहेत.

स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. पोर्तुगीजांमुळे कितीतरी शब्द मराठीत पूर्वीच मुरले आहेत. महिन्याचा पगार हा शब्द पोर्तुगीजमधून आला, आणि पैसे चुकते करणे या अर्थाचे स्पॅनिश क्रियापदही पगार असेच आहे. पावाला स्पॅनिशमध्ये पान म्हणतात, साबणाला हाबोन, तंबाखूला ताबाको. टोमॅटो हा शब्द तर मेक्सिकोच्या मूळच्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये गेला आणि तिथून जगभर फिरत आपल्या भाजी मंडईत आला.

उच्चारही जिभेला जड नाहीत. स्पॅनिशमधले त आणि द हे मराठीसारखे दाताला जीभ लावून म्हटले जातात, इंग्रजीसारखे ट-ड नाहीत. लिहिले तसे वाचायचे, हा नियम बराचसा पाळला जातो. नामांना लिंग आहे. मराठीत तीन, तिथे दोन. तू आणि आपण असा आदराचा भेद आहे, आणि कोण बोलते त्यानुसार क्रियापदाचे रूप बदलते. इंग्रजीची सवय लागलेल्याला हे नवे वाटते. मराठी बोलणाऱ्याला ते घरचेच.

अवघड भाग वेगळा होता. पुस्तकातली स्पॅनिश शिकता येते, पण शेतातली स्पॅनिश शेतातच शिकावी लागते. आपल्याकडे ज्वारीचे ताट, कणीस, तुरा, कडबा, चिपाड हे सगळे वेगवेगळे शब्द आहेत. तसेच मेक्सिकोत मक्याच्या प्रत्येक अवस्थेला वेगळे नाव आहे. कोवळे कणीस एलोते, वाळलेले मासोर्का, आणि दाणे काढून उरलेले बुरकूड ओलोते. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात एकत्र लावायच्या पद्धतीला मिल्पा म्हणतात. आपल्या ज्वारी-तुरीच्या मिश्र पिकासारखीच ही जुनी शहाणीव. चापिंगोच्या आसपासच्या काही गावांत तर घरची भाषा स्पॅनिशही नव्हती, नाहुआत्ल होती. म्हणजे मास्तर आणि शेतकरी, दोघांसाठी स्पॅनिश ही मधली भाषा होती.

जेवणाचेही तसेच. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, पाट्यावर वाटतात आणि तव्यावर पातळ भाकरी भाजतात. तिला तोर्तिया म्हणतात. सोबत मिरचीची चटणी. वर्ध्याच्या माणसाला या ताटात परके काय वाटणार?

त्यांनी नेमके काय संशोधन केले?

खानखोजे यांचे मुख्य काम मक्यावर. मका हे मेक्सिकोचे नुसते पीक नाही, ते त्या देशाचे मूळ आहे. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी तेओसिंते नावाच्या रानगवतातून निवड करत करत मका घडवला. त्या गवताला बोटभर कणीस आणि त्यात मोजके कडक दाणे. खानखोजे यांनी याच रानटी पूर्वजाचा आणि मक्याचा संकर करण्याचे प्रयोग केले. रानटी वाणात काटकपणा असतो, लागवडीच्या वाणात उत्पादन. दोन्ही एकत्र आणता येतील का, हा प्रश्न.

गहू, कडधान्ये आणि रबर यांवरही त्यांनी काम केले. जास्त उत्पादन देणारे, थंडी आणि रोगांना तोंड देणारे वाण शोधणे हा त्यामागचा उद्देश होता. उंच पठारावर अवेळी पडणारी थंडी आणि गव्हावरचा तांबेरा ही तिथल्या शेतकऱ्याची मोठी दुखणी होती. त्यांनी आपले निष्कर्ष स्पॅनिशमध्ये लिहिले, कारण ते ज्यांच्या उपयोगाचे होते त्यांची शाळा आणि सरकार त्या भाषेत चालत होते.

मुक्त शेतीशाळा कशा होत्या?

चापिंगोत शिकायला यायचे तर आधी शाळा शिकलेली असावी लागे. पण ज्याला जमीन नुकतीच मिळाली होती तो शेतकरी बहुधा निरक्षर होता. विद्यालयाच्या भिंतीआड तयार होणारे ज्ञान त्याच्या बांधावर कसे जाणार?

यावर उपाय म्हणून १९२८च्या सुमारास मुक्त शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकरी संघटनांची त्यांना साथ होती आणि खानखोजे त्यांचे प्रमुख शिल्पकार होते. दिएगो रिवेरा यांचाही या कामाला पाठिंबा होता. एका शाळेला एमिलियानो सापाता यांचे नाव देण्यात आले. शुल्क नाही, प्रवेशाची अट नाही, विद्यार्थी म्हणजे स्वतः शेतकरी. गावाने शाळेकडे जायचे नाही, शाळेने गावात यायचे, अशी ही रचना.

तीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार तेव्हा मेक्सिकोत होत्या. खानखोजे यांचे मक्याचे प्रयोग आणि या शाळांतील शेतकरी त्यांनी कॅमेऱ्यात टिपले. जगातील नामांकित छायाचित्रकारांत त्यांची गणना होते, त्यामुळे वर्ध्याच्या या माणसाचे काम अनपेक्षितपणे कलेच्या इतिहासातही जाऊन बसले.

रिवेरा यांनी तर त्यांना भिंतीवरच आणले. मेक्सिको शहरातील सार्वजनिक शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रोजच्या भाकरीवरचे एक भित्तिचित्र आहे. मधोमध मेज, भोवती कामगार, शेतकरी, स्त्रिया आणि मुले. मेजाच्या टोकाला बसलेला माणूस भाकरी मोडून सर्वांना वाटतो आहे. तो चेहरा खानखोजे यांचा मानला जातो. स्वतःच्या देशात ज्यांना पाऊल ठेवता येत नव्हते, त्यांना दुसऱ्या देशाच्या सरकारी भिंतीवर अन्न वाटणाऱ्याची जागा मिळाली होती.

घरात कोणती भाषा?

१९३६ मध्ये खानखोजे यांनी मेक्सिकोतच जान सिंडिक यांच्याशी लग्न केले. त्या बेल्जियमच्या. वराचे वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास. या दांपत्याला दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया.

या घराचा विचार करून पाहा. वडील विदर्भातले, आई युरोपातली, मुलींचा जन्म मेक्सिकोतला. आई-वडील दोघेही या देशात बाहेरून आलेले, आणि मुलींसाठी मात्र हाच पहिला देश. परदेशात दीर्घकाळ राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला हा अनुभव येतो. जी भाषा आई-वडील व्याकरणाच्या पुस्तकातून कष्टाने शिकतात, ती मुले अंगणात खेळताना उचलतात. मग घरातली पोरेच मोठ्यांच्या चुका काढू लागतात.

मुलींच्या नावांतून वडिलांची ओढ दिसते. सावित्री हे नाव उच्चारायला तिथल्या शेजाऱ्यांना थोडा वेळ लागला असेल. माया हे नाव मात्र दोन्हीकडचे. मराठीत ते ममतेचे, आणि मेक्सिकोत तिथल्या प्राचीन संस्कृतीचे.

सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचे चरित्र लिहिले. ते इंग्रजीत आहे आणि २००८ मध्ये पेंग्विनने प्रसिद्ध केले. मराठीत वीणा गवाणकर यांनी खानखोजे यांचे चरित्र लिहिले. कार्व्हरची ओळख मराठी वाचकांना करून देणाऱ्या याच लेखिका.

स्वातंत्र्यानंतर परतणे सोपे का नव्हते?

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी घर सोडले ते घडले होते. आता परतायला हरकत नव्हती, असे कोणालाही वाटेल.

पण खानखोजे यांचा व्हिसाचा अर्ज सुरुवातीला नाकारला गेला. इंग्रज सरकारने त्यांच्यावर घातलेली बंदी कागदावर तशीच होती. राज्य बदलले, झेंडा बदलला, पण फायली त्याच राहिल्या. इंग्रजांविरुद्ध लढल्याबद्दल ज्यांना बंदी झाली, त्यांना स्वतंत्र भारताच्या दारातही त्याच बंदीने अडवले. पुढे ही चूक दुरुस्त झाली. मराठवाड्यात आजही जुन्या नोंदीतल्या एका नावासाठी तहसीलच्या चकरा मारणाऱ्यांना या प्रसंगातली बोच वेगळी सांगायला नको.

१९५०च्या दशकात खानखोजे नागपुरात स्थायिक झाले. तोवर देश सोडून जवळपास अर्धे शतक उलटले होते. विशीत गेलेला तरुण सत्तरीच्या घरात परतला. आता भाषेचा फेरा उलटला. त्यांच्यासाठी हे घरी येणे होते; पत्नी आणि मुलींसाठी हा नवा देश, नवी हवा आणि पुन्हा नव्या भाषा. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले.

त्यांचे ज्ञान आपल्या शेतीला मिळाले का?

इथे थोडे जपून बोलायला हवे. हरितक्रांतीचा गहू मेक्सिकोतून आला, खानखोजे मेक्सिकोत गव्हावर काम करत होते, म्हणून हरितक्रांती त्यांनीच आणली, अशी जोड लावण्याचा मोह होतो. घटनाक्रम मात्र वेगळा आहे.

मेक्सिकोत रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीचा शेतीसंशोधन कार्यक्रम १९४३ मध्ये सुरू झाला. नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये त्यात आले. तांबेऱ्याला दाद न देणारे, बुटके, भरपूर खत पचवणारे गव्हाचे वाण त्या कार्यक्रमात तयार झाले. भारताने १९६६ मध्ये या मेक्सिकन गव्हाचे सुमारे १८,००० टन बियाणे आणले. बोरलॉग यांना १९७० मध्ये नोबेल मिळाले. बोरलॉग यांच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या कामाचे एक ठिकाण चापिंगोच होते. आज आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन केंद्राचे मुख्यालयही तेस्कोकोजवळच एल बातान इथे आहे.

म्हणजे खानखोजे यांनी त्या वाणांची निर्मिती केली असे म्हणता येत नाही. मात्र त्याच परिसरात, त्याच पिकांवर, त्याच रोगांचा विचार करत ते त्याआधी कितीतरी वर्षे काम करत होते. विद्यार्थी घडवत होते, शेतकऱ्यांना सुधारित बियाण्याची सवय लावत होते. कोणतेही मोठे पीक आधी कोणीतरी नांगरून ठेवलेल्या जमिनीतच येते.

दोन्ही मार्गांत एक फरकही आहे. हरितक्रांतीचा मार्ग बियाणे, खत, पाणी आणि सरकारी खरेदी असा होता. पाणी असलेल्या पंजाबला तो फळला. लातूर-नांदेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा वाटा उशिरा आणि कमी मिळाला. मुक्त शेतीशाळेचा मार्ग शेतकऱ्याला शिकवून शहाणे करण्याचा होता. तो मार्ग संथ आहे. पण ज्याच्या विहिरीला पाणी नाही, त्याला बियाण्याच्या पिशवीइतकीच त्या शहाणपणाचीही गरज असते.

आणि इथेच खानखोजे यांच्या आयुष्यातली किंमत दिसते. त्यांची कामाची सर्वांत सुपीक वर्षे स्पॅनिशमध्ये गेली. लेखन त्या भाषेत, विद्यार्थी त्या भाषेतले, शेतकरी त्या भाषेतले. ज्या लोकांसाठी त्यांनी शिकायला सुरुवात केली होती, त्या वर्ध्या-नागपूरच्या शेतकऱ्याला ते वाचता येणार नव्हते. मेक्सिकोच्या शेतकऱ्याजवळ जाण्याचा जो पूल त्यांनी बांधला, तोच त्यांना घरापासून लांब घेऊन गेला. यात दोष त्यांचा नाही. इंग्रजांच्या बंदीने त्यांच्यापुढे दुसरी वाटच ठेवली नव्हती.

आज त्यांची आठवण कुठे आहे?

सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे तत्कालीन अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या मेक्सिको दौऱ्यात चापिंगो विद्यापीठाच्या आवारात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या आवारात त्यांनी शिकवले तिथेच ते आता उभे आहेत.

स्पॅनिश आज सुमारे २० देशांची अधिकृत भाषा आहे. मराठी मुले नोकरी-शिक्षणासाठी ती शिकू लागली आहेत. भाषा शिकल्याने दार उघडते हे खरेच. पण आत जाऊन कोणाशी बोलायचे, हे खानखोजे यांनी ठरवले होते. विद्यालयातल्या सहकाऱ्यांशी बोलण्यापुरती स्पॅनिश त्यांना नोकरी टिकवायला पुरली असती. ते तीच भाषा घेऊन शेताच्या बांधापर्यंत गेले.

यंदाच्या खरिपात मराठवाड्यातल्या कुठल्यातरी शिवारात कृषी सहायक नव्या वाणाची माहिती द्यायला येईल. मोबाइलवर हवामानाचा संदेश येईल, औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत सूचना असतील. त्यातले किती शेतकऱ्याच्या बोलीत असेल आणि किती त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागेल, हे पाहिले तर खानखोजे यांच्या मुक्त शाळेचे काम अजून किती बाकी आहे ते कळेल.

थोडक्यात

• डॉ. पांडुरंग खानखोजे : वर्ध्याचे क्रांतिकारक, गदर चळवळीतील कार्यकर्ते, पुढे शेतीशास्त्रज्ञ.

• १९२४ : मेक्सिकोत आगमन, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक.

• १९२८च्या सुमारास : शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतीशाळा.

• १९३६ : जान सिंडिक यांच्याशी विवाह, सावित्री आणि माया या दोन मुली.

• १९५०चे दशक : नागपुरात स्थायिक.

• २२ जानेवारी १९६७ : नागपुरात निधन.

• सप्टेंबर २०२२ : चापिंगो विद्यापीठात पुतळ्याचे अनावरण.